पाऊल मावेल असा दांडा

क्लुज शहरातल्या गॅरेजात तिबेरियूने जीपच्या पोटाखाली लावायचा जाड पोलादी पत्रा पाच मिनिटांत पसंत केला, पण दारांखाली बसवायच्या दांड्यांपाशी येऊन तो अडला. एकेका दांड्यावर पाय ठेवून बघत होता.

"हा घे," मेकॅनिक दोरेल म्हणाला. "गाडीला चिकटून बसतो, खडकात अडकत नाही."

"यावर पाऊल मावत नाही."

"अरे, खडकांतून जायचंय की दांड्यावर उभं राहून नाचायचंय?"

तिबेरियूने चांगला रुंद, बाहेर आलेला दांडा निवडला. दोरेलने कपाळावर हात मारून घेतला आणि तो बसवून दिला.

खडकाळ वाटेसाठी जीप उंच करून घेतली, तेव्हापासून तिबेरियूची आई सावेता डोंगरावर मेंढरांच्या तळाकडे गेलीच नव्हती. बाई बुटकी. उचलून बसवायला गेलं की म्हणायची, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

रविवारी तिने दांड्यावर पाय दिला, दार धरलं आणि एकटीने वर चढली. तिबेरियूचे डोळे भरून आले. मग त्याच्या लक्षात आलं, आई स्टिअरिंगसमोर बसली आहे.

"आण ती चावी," सावेता म्हणाली. "जीप माझी आहे, विसरलास?"