पहिला नंबर कुणाचा

या वर्षी पहिला नंबर चहा यायच्या आतच ठरला, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई खुर्चीत सावरून बसल्या.

टेलरमामांच्या दुकानावरच्या खोलीत ही सिनेमावेडी डोकी दर आठवड्याला जमत, वर्षातून एकदा आजवरचे सगळ्यांत थोर सिनेमे ठरवत, आणि दरवर्षी कुणीतरी कुणाशीतरी अबोला धरूनच उठे. एकदा दुसऱ्या नंबरावरून मामांनी पोस्टमास्तरांची पँट दोन महिने अडकवून ठेवली होती. आज मात्र औषधवाला म्हणाला, "धरणाचा सिनेमा पहिला." पोस्टमास्तर म्हणाले, "प्रश्नच नाही." आणि मामांनी मान डोलावली. गेल्या वर्षी याच सिनेमाला मामा 'तीन तासांचं सिमेंट' म्हणाले होते.

"वा! एकमत!" खिडकीशी बसलेला पाहुणा म्हणाला. सरकारी खात्यातला माणूस. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं लोण्याचं. महिन्यापूर्वी 'मीही सिनेमाचा वेडा' म्हणत तो यायला लागला, आणि त्याच आठवड्यात घड्याळकाका यायचे थांबले.

काकांचा पहिला नंबर कधी बदलला नाही. नावाड्याचा सिनेमा. एक म्हातारा नावाडी राजाच्या माणसांना पलीकडे न्यायला नाही म्हणतो. बाकी सगळं नुसतं पाणी. तो सिनेमा आता सरकारनं बंद केला होता. दाखवायचा बंद, आणि चांगला म्हणायचाही बंद. तरी काकांनी आपल्या घड्याळांच्या दुकानाचं शटर ओढून घेऊन चार लोकांना तो दाखवला होता.

"बाई, तुम्ही गप्पशा?" पाहुणा म्हणाला.

"मी काय बोलू? ठरलं ना."

"असं कसं! नावाड्याच्या सिनेमावर तोंडसुख घेणाऱ्या इथे तुम्ही एकट्याच. 'ओलं पोतं' म्हणायचात ना त्याला? परवा घड्याळवाल्यांनीच सांगितलं मला."

पोस्टमास्तरांची बायको दरवेळी नवऱ्याच्या सोबतीला येई आणि कोपऱ्यात लोकर विणत बसे. तिच्या सुया थांबल्या.

"कसे आहेत काका?" बाईंनी विचारलं.

"बोलतात," पाहुणा म्हणाला. "आधी बोलत नव्हते."

त्यानं खुर्ची पुढे ओढली. "उद्या त्यांच्या खटल्याचं काम आहे. तुमच्यासारख्या जाणकार बाईनं तिथे येऊन एवढंच म्हणायचं, की सिनेमा म्हणून त्यात काही दम नाही. म्हणजे कलेपोटी दाखवला, असं त्यांना म्हणता येणार नाही. मग कशापोटी दाखवला, ते आम्ही बघू. मी काय खोटं बोलायला सांगतोय का तुम्हाला? तुमचंच मत आहे."

मत त्यांचंच होतं. वीस वर्षं जपलेलं, वाढवलेलं. काकांची दाढ काढताना, चिमटा तोंडात असतानाही काकांनी नावाड्याची बाजू मांडली होती, आणि बाईंनी चिमटा न सोडता ती खोडून काढली होती. आणि आता त्याच म्हाताऱ्या काकांनी कुठल्याशा खोलीत बसून या पाहुण्याला सांगितलं होतं, की ती बाई आमच्यातली नव्हे, ती पहिल्यापासून विरोधात. आपल्यामागे बंद झालेल्या दाराची एक फळी त्यांनी बाईंपुरती उघडी ठेवली होती. एक पाऊल टाकलं की सुटका.

"सांगून टाका बाई," औषधवाला हलकेच म्हणाला. "खरंच तर आहे."

बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. कितीही धुतले तरी लवंगतेलाचा वास जात नसे.

"मला तेव्हा तो सिनेमा कळलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "आता कळला. पहिला नंबर त्याचाच."

या खोलीत सिनेमाबद्दल त्या पहिल्यांदाच खोटं बोलत होत्या. दुधाच्या दातासारखं ते अलगद निघालं, दुखलंसुद्धा नाही.

"अस्सं?" पाहुण्याचा आवाज अजून लोण्याचाच होता. "आहे काय एवढं त्यात?"

बाईंकडे स्वतःचं काहीच नव्हतं. त्यांनी काकांचं बोलणं उचललं. "वल्हं पाण्यात जातं, वर येतं, निथळतं. पुन्हा जातं. तो माणूस नाही म्हणतो, तेव्हा मोठ्यानं म्हणत नाही. नुसता हात थांबवतो, आणि अख्खी नदी थांबल्यासारखी वाटते. मग शेवटी उजवीकडून होडी येते, रिकामी..."

"डावीकडून," टेलरमामा म्हणाले.

मामांचा हात स्वतःच्याच तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"उजवीकडून, मामा," बाई म्हणाल्या.

"डावीकडून! चार वेळा पाहिलाय मी. डोळे आहेत की काजा-बटणं?"

"दोघंही चुकताय," औषधवाला म्हणाला. "होडी येतच नाही. तिची सावली येते."

"सावली! आधी चष्म्याचा नंबर बदला," पोस्टमास्तर खवळले. "होडी येते आणि तिच्यात कंदील असतो. जळता."

"अहो, तुम्ही घोरत होतात तेव्हा," त्यांची बायको म्हणाली. विणकाम तिच्या मांडीवरून खाली घसरलं होतं. "कंदील नाही, त्याची टोपी असते. तुम्हाला काय माहीत! मी घरी येईपर्यंत रडत होते."

मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. महिनाभर तुंबलेलं भांडण फुटलं होतं. मामा टेबलावर मूठ आपटत होते, औषधवाला खुर्चीवरून उठला होता, आणि बाई हसत होत्या की रडत होत्या कोण जाणे, पण घसा फोडून "उजवीकडून! उजवीकडून!" म्हणत होत्या.

पाहुणा उठला. खिडकीतून वाकून त्यानं खाली उभ्या असलेल्या सरकारी गाडीकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. मग पाठीमागचं भांडण क्षणभर ऐकलं, आणि पाचही बोटं उघडली.