एक माणूस कमी

मार्लिस ऑरिनच्या कानाशी काहीतरी बोलली आणि ऑरिन हसला. शाळेच्या जिमच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आर्डिसला शब्द ऐकू आले नाहीत. हसणं मात्र ऐकू आलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात नवरा घरी असा कधी हसल्याचं तिला आठवेना.

आयोवातल्या या गावात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला कागदावर खूण करत नाहीत. ज्याला जो हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. आर्डिस न्यायाधीश प्रुइटबाईंच्या कोपऱ्यात होती. ऑरिन गव्हर्नर कॅल्डवेलच्या कोपऱ्यात, आणि त्याच्या शेजारी मार्लिस.

"ऐका!" ड्वेन खुर्चीवर चढून ओरडला. मोजणी त्याच्याकडे होती. "हजर ऐंशी. कोपरा टिकायला बारा माणसं लागतात. सिनेटर ब्रँट बासष्ट. गव्हर्नर अकरा. प्रुइटबाई सात. दहा मिनिटं देतो. ज्यांचा कोपरा टिकत नाही त्यांनी दुसरा बघा, नाहीतर घरी जा."

प्रुइटबाईंची चार माणसं ब्रँटकडे गेली. दोघांनी कोट चढवले. आर्डिस एकटी उरली.

ऑरिन लगबगीने तिच्याकडे आला. "चल की. एक माणूस कमी आहे आपल्यात."

"तुमच्यात," आर्डिस म्हणाली.

"अगं, ब्रँट छोटी हॉस्पिटलं बंद करायला निघालाय. आपलंही जाईल त्यात. कॅल्डवेल एकटा म्हणतोय चालू ठेवीन म्हणून."

"तो? बायकोची केमो चालू असताना दुसरीचा हात धरून गेला तो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"मी राष्ट्राध्यक्ष निवडतोय, जावई नाही."

"मी तिथे उभी राहिले, की त्याने जे केलं ते मला चालतं असं होईल. मला नाही चालत."

"आणि तू इथेच उभी राहिलीस आणि हॉस्पिटल बंद पडलं, तर ते चालतं?"

आर्डिसची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. मार्लिस हळूहळू चालत त्यांच्याकडेच येत होती. डोक्याला निळा रुमाल, ओठांना लिपस्टिक. दर मंगळवारी ऑरिन तिला गावातल्या हॉस्पिटलात केमोचं सलाईन लावायला गाडीने नेई. शेजारधर्म म्हणून. सुचवलं होतं आर्डिसनेच. पहिल्या मंगळवारी तिने दोघांसाठी सँडविचही बांधून दिली होती. नंतर ऑरिन मंगळवारी दाढी करू लागला.

"आर्डिस, ये ना गं," मार्लिस म्हणाली.

"तुला तरी लाज वाटायला हवी होती," आर्डिस म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला. "तुझ्या जेराल्डने तुझं काय केलं? तू आजारी पडलीस आणि तो ॲरिझोनाला पळाला. आणि तू तसल्याच माणसासाठी उभी?"

जवळची माणसं वळून बघू लागली. ऑरिनने मान खाली घातली.

मार्लिसने भिंतीचा आधार घेतला. "असला माणूस काय करतो ते या जिममध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्याला मी घरात घेणार नाही. पण मला जेराल्ड परत नकोय, आर्डिस. सलाईन हवंय." ती जरा दम घ्यायला थांबली. "आणि तुझा ऑरिनही नकोय. वाटेत सगळा वेळ ट्रॅक्टरच्या गिअरबद्दल बोलतो."

कुणीतरी खुदकन हसलं. आर्डिस हसली नाही. गिअरबद्दल तो तिच्याशी बोलेनासा होऊन कित्येक वर्षं झाली होती.

"हे हॉस्पिटल गेलं तर मला डे मॉइनला जावं लागेल," मार्लिस म्हणाली. "दोन तास जायला, दोन यायला."

"नेईन की," ऑरिन पटकन म्हणाला. "त्यात काय एवढं."

आर्डिसने नवऱ्याकडे पाहिलं. दर मंगळवारी चार तास, गाडीत दोघंच.

"दोन मिनिटं!" ड्वेन ओरडला.

आर्डिस निघाली. जिमची लाकडी जमीन तिच्या हिवाळी बुटांखाली करकरत होती. गव्हर्नरांच्या कोपऱ्यात टाळ्या सुरू झाल्या. मागोमाग ऑरिन आणि मार्लिस येऊन आपल्या जागी उभे राहिले.

"सरक जरा," ती ऑरिनला म्हणाली. "मला इथे उभं राहायचंय."

तो सरकला. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. मार्लिसने तिचा हात हातात घेतला. तो हात बर्फासारखा गार होता. आर्डिसला आपला हात सोडवून घ्यायचा होता, पण तिने तो तसाच राहू दिला.

"मला ठाऊक होतं, तू हॉस्पिटलचा विचार करशील," मार्लिस हळूच म्हणाली.

कुणीतरी आर्डिसच्या मोकळ्या हातात पुठ्ठ्याचा फलक दिला. एका बाजूला गव्हर्नरांचा मोठा हसरा चेहरा, दुसरी बाजू कोरी. मोजणी सुरू झाली. आधीचे अकरा आधी, नवीन आलेली शेवटी, असं एकेक जण आपला आकडा मोठ्याने सांगू लागला. आठ. नऊ. ऑरिन म्हणाला, दहा. मार्लिस म्हणाली, अकरा.

"आर्डिस," ऑरिन कुजबुजला, "फलक उलटा धरलायस. कोरी बाजू लोकांकडे आलीय."

"असू दे."

वीतभर अंतरावरून फलकावरचे गव्हर्नर तिच्याकडे बघून हसत होते. तिने नजर हटवली नाही.

"बारा," ती म्हणाली.