कस्तुराबाई सज्ञान झाल्या

“अंगठा ठेवा, आजी,” शिरूरच्या निबंधक कचेरीतला ऑपरेटर म्हणाला. यंत्राची काच लुकलुकत होती. कस्तुराबाईंनी हात पदराला पुसला आणि मांडीवरच ठेवून दिला.

“ठेवा ना, आत्या,” मागून सत्यजीत म्हणाला.

सत्यजीत त्यांच्या चुलतभावाचा मुलगा. सकाळीच गाडी घेऊन तो त्यांना आणायला कुरकुंभला गेला होता. वाटेत दौंडला थांबून त्यानं त्यांना भारीतली साडी घेतली. ती पिशवी गाडीतच पडून होती. कस्तुराबाईंनी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

दस्त हक्कसोडीचा होता. निमोण्याच्या वडिलोपार्जित रानातला आपला हिस्सा त्या राजीखुशीनं चुलतभावाला, संपतला, सोडून देत आहेत, असं त्यात लिहिलं होतं. सगळं रान गोदामासाठी विकायचं सत्यजीतनं ठरवलं होतं. गिऱ्हाईक बाहेर गाडीत बसलं होतं.

हे सगळं मधे एका शब्दावर अडलं होतं.

कस्तुराबाई लहान असतानाच त्यांचे वडील वारले. सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी त्यांचं नाव लागलं आणि नावापुढे शेरा पडला: अज्ञान. पालनकर्ता म्हणून चुलत्याचं नाव आलं. कायद्याच्या जुन्या भाषेत अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वय न भरलेलं मूल. मूल मोठं झालं, तरी शेरा तसाच राहिला. कस्तुराबाई लग्न होऊन कुरकुंभला गेल्या. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. तो वारल्यावर त्यांनी एकटीनं मुलीला, सुलक्षणाला, शिकवून नर्स केलं. पंचायतीत निवडून आल्या, ठरावांवर सह्या केल्या, भर ग्रामसभेत उभं राहून दारूचं दुकान उठवलं. निमोण्याच्या दप्तरात मात्र त्या परकरातली पोरच राहिल्या. त्यांच्या वाट्याचा ऊस आधी चुलत्यानं तोडून नेला, चुलत्यामागं संपतनं.

गिऱ्हाइकाच्या वकिलानं उतारा पाहिला आणि परत केला. “अज्ञानाला हक्क सोडता येत नाही. आधी हा शेरा काढून आणा.”

सत्यजीतला हसू आलं. साठी उलटलेली आत्या आणि अज्ञान! संपत मात्र हसले नाहीत.

“त्या शेऱ्याला हात लावू नगं,” ते म्हणाले. “दुसरं काय तरी बघ.”

“आबा, तुम्हाला उगीच भ्या वाटतं.”

संपत पुढं काही सांगणार होते, तेवढ्यात सत्यजीतचा फोन वाजला. मग ते राहूनच गेलं.

सत्यजीत सोसायटीचा चेअरमन होता. तलाठ्यापासून तहसिलीपर्यंत त्याच्या ओळखी होत्या. आत्याच्या शाळेचा दाखला त्यानंच काढला, अर्ज त्यानंच लिहिला. शेरा काढायला हरकत आहे का, अशी नोटीस वडिलांना आली तेव्हा त्यांच्याकडून संमतीची सही घेतली. शेरा निघाला. नवा उतारा द्यायला तो स्वतः कुरकुंभला गेला.

कस्तुराबाई तो कागद घेऊन दारात, उजेडाला गेल्या. एक एक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं.

“आता मला पालनकर्ता न्हाई?”

“न्हाई. तुमच्या तुम्ही मालक.”

त्यांनी कागद कपाटात ठेवला, किल्ली कनवटीला लावली. “शिरूरला कवा जायचं?” एवढंच विचारलं. काम झालं, असं सत्यजीतला वाटलं.

“आजी, दस्त वाचलात ना?” आता कचेरीत निबंधकांनी विचारलं. “हक्क स्वखुशीनं सोडताय?” हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. उत्तराची वाट न पाहता त्यांचा हात शिक्क्याकडे गेला.

“न्हाई,” कस्तुराबाई म्हणाल्या.

“वाचला नाही?”

“वाचला. हक्क सोडत न्हाई.”

निबंधकांचा हात थांबला. सत्यजीत पुढं आला. “आत्या, असं काय करता? आपलं ठरलं होतं ना?”

“तुझं ठरलं व्हतं. मी शिरूरला येते म्हणले, आले.”

“सुलक्षणानं शिकवून पाठवलं का?”

“तिला ठाव बी न्हाई.”

“संमती नसेल तर दस्त होणार नाही,” म्हणत निबंधकांनी कागद बाजूला सारले आणि पुढचं नाव पुकारलं.

सत्यजीतचा आवाज चढला. “माहेर तुटंल, आत्या! परत कोण दारात उभं करणार न्हाई तुम्हाला!”

हे मात्र लागलं. माहेर म्हणून त्यांना तेवढं एकच दार होतं. दर भाऊबिजेला त्या तिथं जायच्या, वहिनीच्या हातचं जेवायच्या, अंगणातल्या चिंचेखाली घटकाभर बसायच्या. ते सगळं आज जाणार, हे कुरकुंभहून निघतानाच त्यांना कळत होतं. डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

“नगा उभं करू,” त्या म्हणाल्या. “माझ्या बाच्या बांधावर बसून भाकर खाईन. तिथनं उठवाया आता कुणाला येत न्हाई.”

कचेरीत रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. संपत कोपऱ्यातल्या बाकावर खाली मान घालून बसले होते.

“आबा, तुम्ही तरी सांगा की हिला!”

कस्तुराबाई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला आणि भाच्याच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

“त्यास्नी कशाला बोलावतो? त्यो शेरा काढा म्हणून जलमभर मी अर्ज करत व्हते. दर खेपेला तुझ्या आबांनीच हरकत घेऊन अर्ज पाडला,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “माझ्यानं जे झालं न्हाई, ते तू करून दिलंस, बाळा.”