लाईट आली का गो?

लाईट गेली आणि निजामपुऱ्यातली ती अख्खी गल्ली एकदम मुकी झाली. समोरच्या कापड कारखान्यातले लूम थांबले, डोक्यावरचा पंखा मंदावला आणि करिष्माच्या हातातलं ट्रिमर मशीनही बसक्या आवाजात थांबायला लागलं. ती हळदीच्या पाटाची कड गोल करत होती. मशीन आता बंदच पडतंय, या भरवशावर तिने ते उचलून अंगाजवळ घेतलं. चुकलं ते इथेच. ओढणीचं टोक खांद्यावरून घसरलं, अजून गरगरणाऱ्या पात्यात सापडलं आणि पात्याने थांबता थांबता ओढणी गुंडाळून घेतली.

पातं थांबलं तेव्हा ते तिच्या गळ्यापासून दोन बोटांवर होतं.

ओढणी गळ्यातून निघेना. सुतारकामाचं दुकान रस्त्यावर, लूमवरचे कामगार येता-जाता बघतात, म्हणून सासूने, कमळाबाईंनी, सकाळीच ती गळ्याभोवती नीट घेऊन मागे घट्ट गाठ मारून दिली होती. मशीनचं बटण तर चालूच होतं. भुसा जाऊन ते कधीचं अडकत होतं. तिचा नवरा भाविक ते स्क्रू-ड्रायव्हरने ढकलायचा आणि दुरुस्तीचं उद्यावर टाकायचा. आज तो फिटिंगला पडघ्याला गेला होता. करिष्माने बटण अंगठ्याने रेटून पाहिलं. हललं नाही. दोन्ही हातांनी मशीन गळ्यापासून लांब धरून ती उभी राहिली. एक हात सोडायची तिची हिंमत होईना.

आता लाईट आली तर?

भिवंडीत लाईट गेली की सगळे ती यायची वाट बघत बसतात. ती येऊ नये म्हणून देवाला विनवणारी त्या घडीला गावात करिष्मा एकटीच असेल.

"आई! आई, लवकर या!"

कमळाबाई आतून पिठाचे हात आणि लाटणं घेऊनच आल्या. विजेला त्या इतक्या भ्यायच्या की पंख्याचं बटणही लाटण्यानेच दाबायच्या, आणि घरात त्यावरून त्यांची रोज चेष्टा व्हायची.

"अगो बाय माझे! गल्याला काय झाला गो?"

"लाईट यायच्या आत मशीन बंद करा. बोर्डावर."

कमळाबाई बोर्डाकडे धावल्या आणि लाटण्याने सगळी बटणं पटापट वर ढकलली. "झाली. बंद केली."

करिष्माला हायसं वाटलं, पण क्षणभरच. बोर्ड भाविकने स्वतः बसवला होता, आणि स्वतःच्या हुशारीने त्यातली दोन बटणं उलटी बसवली होती. ती वर केली की चालू व्हायची. त्यात मशीनचं बटण होतं की नव्हतं? रोज दाबायचं बटण, आणि काही केल्या तिला आठवेना.

"आई, पिन काढा. काळ्या वायरची. ओढून बाहेर काढा."

कमळाबाईंचा हात वर गेला आणि अर्ध्यातच थांबला. पिन सैल होती, सारखी निघायची, म्हणून भाविकने वायर तिथल्याच खिळ्याला आवळून बांधली होती. म्हणजे हात घालून सोडवणं आलं.

"मना शॉक लागंल गो."

"आत्ता नाही लागणार. लाईट नाहीये ना! आली की लागेल."

तेवढ्यात लांबून लूमचा खडखडाट ऐकू आला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी मागच्या गल्लीची येते, मग चहावाल्याच्या बाजूची, मग यांची. हे गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ होतं.

खडखडाट जवळ सरकला. चहावाल्याच्या टपरीवरचा रेडिओ मध्येच सुरू झाला.

"आई!"

करिष्माने डोळे मिटले. आपण मरतोय, आणि तेही एका पाटाच्या कडेपायी, हे तिला धड खरंही वाटत नव्हतं. पात्याचा तापलेला लोखंडी वास तेवढा नाकात येत होता.

लाटणं जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. कमळाबाईंनी वायर दोन्ही हातांनी धरली, पाय भिंतीला लावला आणि सगळं अंग मागे टाकलं. वायर आली, पिन आली, खिळा आला आणि त्याच्याबरोबर ओंजळभर प्लास्टर खाली आलं.

डोक्यावर पंखा फिरायला लागला; उलट्या बटणांतलं एक त्याचं होतं. समोरचे लूम धडधडले.

करिष्माच्या हातातलं मशीन गप्प होतं. ती तशीच खाली बसली, मशीन अजून गळ्यापासून लांब धरून.

"आई, गाठ सोडा ना."

कमळाबाई तिच्या मागे येऊन बसल्या. एका मुठीत पिन होती, ती त्यांना सोडवेना. दुसऱ्या हाताने त्यांनी सकाळची गाठ चाचपली. एका हाताने ती सुटेना. शेवटी त्यांनी मान वाकवून ती दातांनी सोडवली. ओढणी गळ्यावरून उतरली तशी करिष्मा हुंदके द्यायला लागली. कमळाबाईंनी पिठाच्या हाताने तिचा गळा सगळीकडून चाचपून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला.

वरच्या गॅलरीतून शेजारच्या बायजाबाईंनी हाक दिली. "कमले, आमची आली. तुमची लाईट आली का गो?"

कमळाबाईंनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग मुठीतल्या पिनेकडे.

"न्हाय," त्या ओरडल्या. "आमची न्हाय आली अजून."