गुरांचं मीठ

"मावशी, तीन आठवडे पाकिटातलं मीठ बंद. गुरांना घालता ना, ते खड्याचं मीठ धुऊन वापरायचं. त्यात आयोडीन नसतं. आणि चुकलं तर लपवायचं नाही. मला फोन करायचा. कबूल?"

"कबूल. महादेवाची शपथ," सत्यभामाबाई म्हणाल्या होत्या.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंचे ते शब्द आज सकाळपासून त्यांच्या कानातून जात नव्हते. भर वैशाखात त्यांची सून सीमा गोधडी पांघरून खाटेवर पडली होती. तिच्या गळ्यातली कॅन्सरची गाठ काढून सहा महिने झाले होते. उरलंसुरलं जाळायला मुंबईत किरणं सोडणारं आयोडीनचंच औषध पाजणार होते. ते अंगानं ओढून घ्यावं म्हणून आधी अंगाला आयोडीनचा उपास, आणि गाठ काढल्यापासून चालू असलेली रोजची गोळीही महिनाभर बंद. गोळी सुटल्यापासून सीमाचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, चार पावलांवर तिला बसावं लागे. बाहेरच्या देशांत एक सुई मिळते, मग गोळी बंद करावी लागत नाही, असं डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. "आन् आपल्याकडं?" सत्यभामाबाईंच्या मुलानं, शिवहारनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी नुसता पुढचा कागद ओढला.

मुंबईची तारीख पाच महिन्यांनी लागली होती. ती परवावर आली होती. शिवहार तिकिटासाठी नांदेडला गेला होता.

पहिला आठवडा बराबर गेला. मग एक दिवस शेजारच्या जिवनबाई विरजण मागायला आल्या आणि पाट्यावरचं मीठ बघून दारातच थांबल्या.

"काय वं सत्यभामाबाई, सुनंला गुरांचं मीठ? म्हैस हाय का ती तुमची?"

गावभर होईल, हे सत्यभामाबाईंना तेव्हाच कळलं. उपासतापास करणारी बाई, आणि आजारी सुनेला गोठ्यातलं मीठ चारते. त्या दुपारी त्यांनी पाकीट फोडलं. मीठ ते मीठ, त्यात काय एवढं, असं मनाला सांगितलं. सीमा दोन घास जास्त जेवली, तेव्हा तर बरंच वाटलं.

सोमवार, चतुर्थी, एकादशी. चाळीस वर्षांत त्यांचा एक उपास मोडला नव्हता. मोडला तो हाच, सुनेचा.

"आत्याबाई," सीमा गोधडीतून म्हणाली, "माझं पथ्य तुमीच पाळलं. मला तर उठवत बी न्हाई."

सत्यभामाबाई खाटेच्या कडेला बसल्या.

"दोन आठवडे मी तुला पाकिटातलं मीठ घालून राहिले, सीमा."

सीमानं गोधडी तोंडावरून बाजूला केली.

"तरीच," ती म्हणाली. "म्हणलं, गुरं लईच चवीचं खात्यात."

सत्यभामाबाईंना मान वर करवेना.

"असंच गेलो परवा तर?" सीमानं विचारलं.

"औषध वाया जातं म्हणल्या व्हत्या. आजार गळ्यात तसाच राहतो."

"आन् सांगितलं तर?"

"तारीख जाईल. पुढची कवा लागंल, देव जाणे."

"मंग पुन्हा गोळी बंद. पुन्हा हे असं."

"व्हय."

सीमानं भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाली, "सुनंनंच चोरून खाल्लं म्हणा. मला काय, आजारी माणसाला कोणी बोलत न्हाई. तुमाला फाडून खातील डॉक्टरीणबाई."

सत्यभामाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग उठून देवघरातला डॉक्टरीणबाईंच्या नंबराचा कागद घेतला, पदर डोक्यावर ओढला आणि बाहेर पडल्या. एसटीडीचं दुकान आखाडा बाळापूरला, दीड कोसावर. ऊन मी म्हणत होतं.

फोनवर काय बोलायचं ते त्या वाटेनं जपासारखं घोळवत होत्या.

"बाई, चुकून पडलं मीठ."

वाटेतल्या दूध डेअरीपाशी त्या थांबल्या. ओठ कोरडे पडले होते.

"बाई, मीठ मी घातलं. लोकांला भिऊन घातलं."

हे दोनदा म्हणून पाहिलं, आणि त्या पुढं निघाल्या.