चौसष्ट टक्के

गाडी निजामुद्दीनहून तीनला सुटणार होती. साडेबारा वाजून गेले तरी पद्माकर घरच्या पायजम्यातच होता.

"काका, हे काय? अजून तयार नाही?" त्याचा पुतण्या नीरज दारातूनच म्हणाला. काकाला स्टेशनवर सोडायला तो गुडगावहून अर्धी सुट्टी टाकून आला होता. "चलो चलो, खाली गाडी भलत्याच जागी लावलीय मी."

"मी येत नाही. तिकीट कॅन्सल कर."

"काय? परवा काकूची बरसी आहे!"

"वर्षश्राद्ध म्हणतात आपल्यात."

"तेच ते, यार. रेवतीताईनं गुरुजी सांगून ठेवलेत. सगळे पुण्यात जमणार आणि तुम्हीच नाही?"

पद्माकर खिडकीपर्यंत गेला, परत आला, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर हात ठेवून किती तापलाय ते पाहिलं, आणि पुन्हा खिडकीकडे गेला.

कॉम्प्युटर त्याच्या बायकोचा, वीणाचा होता. परदेशातल्या एका विद्यापीठाचं काम त्यावर चाले. शरीरातल्या प्रथिनांची घडी कशी पडते, कुठे चुकली म्हणजे आजार होतो, ते शोधायचं काम. एका ठिकाणी होण्यासारखं नाही, म्हणून त्याचे तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या घरी पाठवतात आणि लोक आपापल्या कॉम्प्युटरवर ते फुकट करून देतात. वीणा शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं हे लावून घेतलं. पुरा झालेला प्रत्येक तुकडा तिच्या नावावर जमा होई. ती गेल्यावरही होत होता.

"ह्याच्यासाठी?" नीरजनं विचारलं. "राहू दे की चालू."

"आणि लाइट गेली तर? या उन्हाळ्यात दिवसातून तीनदा जाते. घरात कुणी नसलं तर इन्व्हर्टर फ्रिजवरच संपतो. मी असलो की तेवढ्यापुरतं फ्रिजसकट बाकी सगळं बंद करून ह्याला पुरवतो."

"म्हणून दिवाळीला आला नाहीत तुम्ही?"

तेवढ्यात पद्माकरचा फोन वाजला. रेवतीच होती. नीरजनं उचलून स्पीकरवर टाकला.

"बाबा, निघालात ना?"

"अगं, इथं चौसष्ट टक्के झालंय. मध्येच सोडून कसं..."

"बाबा, आईचं वर्षश्राद्ध आहे. कॉम्प्युटरचं नाही." तिनं फोन ठेवला.

"बरोबर बोलली," नीरज म्हणाला. "काका, मग बंद करून चला. सिंपल."

"बंद केलं की सगळं पहिल्यापासून. आठवडाभराचं वाया."

"कोण म्हणालं?" नीरज हसायला लागला. त्यानं खुर्ची ओढली आणि माउस हातात घेतला. पद्माकरनं त्याचं मनगट धरलं, पण तोवर पडदा काळा झाला होता. वर्षभर अखंड चाललेली घरघर थांबली. खालचा भाजीवाला एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला.

"काय केलंस गाढवा?"

"बघा तर."

नीरजनं बटण दाबलं. दोन मिनिटं पद्माकर उभाच होता. मग पडदा उजळला, वीणाचं नाव आलं, आणि नावाखाली आकडा. चौसष्ट.

"दिसलं? थोड्या थोड्या वेळानं ते स्वतःच लिहून ठेवतं, कुठवर आलं ते. लाइट गेली तरी फार तर दहा-पंधरा मिनिटांचं काम जातं. उगाच वर्षभर चौकीदारी केलीत. मला तरी आधी कुठं माहीत होतं? मशीन जोडून दिलं मी, पण हे काकूनंच शिकवलं मला. बिनधास्त बंद कर म्हणाली होती."

"कधी?"

"सुरुवातीलाच. तीन-चार वर्षं झाली असतील."

पद्माकर खाली बसला. लगेच उठला.

"पुन्हा करून दाखव."

नीरजनं पुन्हा केलं. पुन्हा चौसष्ट.

"तुम्हाला कोणी सांगितलं, पहिल्यापासून करावं लागतं म्हणून?"

"हिनंच. हॉस्पिटलात, शेवटच्या दिवशी." पद्माकर पडद्याकडे बघत बोलत होता. "दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला, सेक्टरमधली लाइट गेलीय. मी सहज वाचून दाखवला. तर म्हणाली, अहो, माझं काम बुडेल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, जा तुम्ही घरी. मी म्हटलं, बुडू दे. ऐकेना. रागावली. तेव्हा आलो. पंखे बंद करून ह्याच खुर्चीत बसलो होतो. फोन आला तेव्हा इथंच होतो मी."

नीरजच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं माउस सोडला.

"काका, औषधांमुळे विसरली असेल काकू."

"त्या दिवशी सकाळी पेपरातलं कोडं सोडवलं होतं तिनं. पेनानं."

बाहेर कुणीतरी गाडी हटवा म्हणून हॉर्न वाजवत होतं. नीरज बाल्कनीत जाऊन "दो मिनट, भाईसाहब" म्हणून ओरडून आला. तोवर पद्माकरनं कॉम्प्युटर बंद केला होता. या वेळी स्वतःच्या हातानं. मग त्यानं भिंतीवरचं बटणही बंद केलं, शर्ट-पँट घातली आणि चार कपडे पिशवीत कोंबले.

कुलूप लावून झालं तरी तो कडी ओढून बघत राहिला. एकदा. दोनदा.

"काका, आता खरंच पळायला हवं," नीरज दोन पायऱ्या खाली उतरून म्हणाला.

पद्माकर कडी धरूनच उभा होता.

"दारापर्यंत गेलो तेव्हा हाक मारली होती तिनं," तो म्हणाला. "मला वाटलं, थांबवतेय. तर म्हणाली, घाई करू नका. सावकाश या."