चुलीचा तिसरा दगड

भिवंडीहून आलेल्या चौघांना हिरामणने आपल्या माळावर रात्रभर तंबू ठोकायला परवानगी दिली होती. “फक्त कचरा टाकू नका,” एवढंच बजावलं होतं. सकाळी तो आईला, आक्काला, घेऊन वाघोबाच्या पूजेला तिकडे गेला, तेव्हा पाहुणे तंबू गुंडाळत होते. कचरा खरंच कुठे नव्हता. चूल मात्र अजून धगधगत होती. तिचा तिसरा दगड पाहताच आक्काच्या हातातली फुलं गळून पडली. काजळीआड शेंदूर दिसत होता. “आरं, ह्यो तर आपला वाघोबा हाय!” “सॉरी काका, अंधारात साधाच दगड वाटला,” एक मुलगी पुटपुटली. देव भाजतोय, एवढंच हिरामणला कळत होतं. त्याने शेजारचा पाण्याचा कॅन उचलून दगडावर पालथा केला. चर्रकन वाफ उसळली आणि वाघोबाचे दोन तुकडे झाले. पाहुण्यांना विसरून आक्का हिरामणकडेच बघत राहिली.